चोरून नेलेल्या महालक्ष्म्या

नोकरीत तपास केलेल्या बहुतेक चोऱ्या आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणती मोटारसायकल कोणत्या गावची, कोणते मंगळसूत्र कोणत्या बसमधले, हे मला आता सांगता येणार नाही. पण वलगावच्या पुढच्या एका गावातली ती चोरी अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. त्या घरातून दोन देवी गेल्या होत्या आणि त्या घरातली बाई रडत नव्हती.

मी तेव्हा अमरावती जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा ठाणेदार होतो. मूळचा मी नगरकडचा, पण निम्मी नोकरी वऱ्हाडात गेली आणि निवृत्तीनंतर इथेच घर बांधले. संशय घेणे हा माझा स्वभाव आहे. बायको म्हणायची, तुम्ही दूधवाल्याच्या मापाकडेही आरोपीकडे पाहावे तसे पाहता. पाहतो. ठाण्याची पायरी चढणारा माणूस पहिल्यांदा जे सांगतो ते त्याने वाटेत जुळवलेले असते, असे माझे मत होते आणि आजही आहे.

गणपतीचे दिवस होते. अर्धे मनुष्यबळ मंडळांच्या बंदोबस्तावर. अशा वेळी साधी फिर्याद घेऊन कोणी आले तरी डोके फिरते. एक पन्नाशीतला माणूस मोटारसायकलवरून आला, डोक्याची टोपी हातात घेऊन समोर उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, आमच्या महालक्ष्म्या चोरी गेल्या."

आमच्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्यांना वऱ्हाडात महालक्ष्म्या म्हणतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. वर्षातून एकदा तीन दिवसांसाठी घरी येतात. धान्य भरलेल्या कोथळ्यांना साड्या नेसवतात, त्यांवर मुखवटे बसवतात, पुढे त्यांची लेकरे मांडतात, दुसऱ्या दिवशी सोळा भाज्यांचे जेवण, पुरणपोळी, आंबील. या घरचे मुखवटे पितळेचे होते आणि किती पिढ्यांचे, ते कोणालाच सांगता येत नव्हते. वर्षभर ते फडक्यात गुंडाळून धान्याच्या पत्र्याच्या कोठीत ठेवलेले असत. फिर्यादी भाजीपाल्याची शेती करणारा, अमरावतीच्या बाजारात रोज माल नेणारा. घरचा मोठा भाऊ, म्हणून महालक्ष्म्या त्याच्याकडे. धाकटा भाऊ वेगळा होऊन नांदगाव खंडेश्वरला फुलांची शेती करत होता.

"फोटो आहे का?" मी विचारले.

त्याने मोबाईल पुढे केला. फोटो चांगलेच स्वच्छ होते आणि तिथेच माझी पहिली शंका जागी झाली. मुखवट्याशेजारी शिंप्याकडची पिवळी टेप ठेवलेली होती. दुसऱ्या फोटोत मुखवटा पालथा होता, आतली पोकळ बाजू वर. लोक देवीचा फोटो काढतात तो हार घातलेला, समोर दिवा लावलेला. देवीला उलटी करून मापे कोण घेतो?

"हे फोटो कोणी काढले?"

"पाहुन्यानं काढले. असेच."

मी फिर्याद नोंदवून घेतली, पण 'असेच' हा शब्द मनात खूण करून ठेवला.

घटनास्थळी गेलो. बरोबर आमच्या ठाण्यातल्या हवालदारबाई होत्या. त्या याच मातीतल्या. पंचनामा करताना पाहिले, तर कोठीचे कुलूप फोडलेले नव्हते, उघडून पुन्हा कोठीवरच ठेवलेले होते. शेजारी पाण्याचा तांब्याचा मोठा गुंड, पितळी पराती, समया, सगळे जिथल्या तिथे. मोड म्हणून विकणारा चोर गुंड आधी उचलतो, कारण तो वजनाला भारी. इथे चोराने नेमके दोन मुखवटेच उचलले होते. म्हणजे त्याला काय न्यायचे ते ठाऊक होते आणि कुठे आहे तेही.

फिर्यादीची बायको ओसरीत बसून सुपात हरभऱ्याची डाळ निवडत होती. मी दोन-चार प्रश्न विचारले. वर न पाहता तिने उत्तरे दिली. कुलूप कधी लावले, आठवत नाही. घरी कोण होते, कोणीच नाही, आपण वावरात होतो. एवढे बोलून ती पुन्हा डाळीत.

दुसऱ्या दिवशी आमचा एक खबऱ्या आला. तो ऑटो चालवायचा आणि हद्दीतल्या सगळ्या गावांची हवा त्याला लागायची. म्हणाला, "साहेब, अमरावतीचा एक जन पांढरी गाडी घेऊन फिरून राहिला गावागावांत. गाडी पारावर लावते अन् पायी हिंडते. जुनं पितळ, जुनं लाकूड, काहीबी पाहते. तुमच्या त्या गावात गेल्या आठवड्यात दोनदा होता."

या माणसाला शोधायला वेळ लागला नाही. अमरावतीत त्याचा चांगला बंगला. दिवाणखान्यात शिरलो आणि थांबलोच. नंदीबैलाच्या झुली, फुटक्या कातड्याचे संबळ, गोंधळ्याच्या कवड्यांच्या माळा, लाकडी मुखवटे, पाळण्यावरची लाकडी चिमण्यांची रांग. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. आमच्या मालखान्यातही अशीच चिठ्ठी बांधतात. माझ्या मनात वाईट विचार आला आणि मी तो येऊ दिला.

तो स्वतःला संग्राहक म्हणवत होता. बोलणे गोड, कपडे खादीचे. "त्या गावात? नाही हो, पावसाळ्यात मी फारसा बाहेर पडतच नाही," तो म्हणाला.

 चौकशीत गप्प बसणे हे अर्धे काम असते. चहा आला, मी घेतला नाही. टेबलावर वह्या, भिंग, हातमोजे आणि गुंडाळलेली एक पिवळी टेप पडलेली होती. मी ती उलगडली. एका कडेला उदबत्तीने जळाल्यासारखा तपकिरी डाग. फिर्यादीच्या मोबाईलवरून घेतलेला फोटो मी त्याच्यापुढे ठेवला. फोटोतल्या टेपवर त्याच जागी तोच डाग होता.

तो खुर्चीत मागे टेकला. मग म्हणाला, "साहेब, मी खोटं बोललो. पण चोर नाही. मला चोरायची गरजच नव्हती. त्या गृहस्थांनी मला द्यायचं कबूल केलं होतं."

त्याने मोबाईल दाखवला. फिर्यादीचे निरोप होते. घरच्यांना अजून सांगितले नाही, सणाच्या आधी नेऊन टाका, म्हणजे यंदा नव्या बसवता येतील. बदल्यात चांगली किंमत आणि नवी, पॉलिश केलेली जोडी. बाहेर बोलू नका, असेही लिहिले होते, म्हणून आपण गप्प बसलो, असे त्याचे म्हणणे.

"आता मला वाटतंय, त्याला दुसरं गिऱ्हाईक मिळालं," तो चिडून म्हणाला. "आणि चोरीचं नाटक चाललंय. एक सांगतो, ते मुखवटे फार जुने आहेत. नाकं घासली गेलीत, नाहीतर त्यांना तोड नव्हती. दहा वर्षांनी हे सगळं मोडीत वितळून जाईल. मी वाचवतोय."

मला तो माणूस आवडला नाही. पण त्याचे शेवटचे म्हणणे खोटे नव्हते. झूल आणि संबळ त्याने उचलले नसते तर ते उकिरड्यावरच गेले असते.

फिर्यादीला ठाण्यात बोलावून घेतले. निरोप दाखवले तेव्हा त्याचा चेहरा पडला. "इकनं नाई साहेब... देऊनच राहिलो होतो. काचेच्या पेटीत राहिल्या असत्या. खाली आमच्या घराचं नाव लिहिनार होते. आमच्या घरी पुढं करनार कोन हाय? पोरगा पुन्यात. नव्या जोडीनं काय बिघडते? देवी थे देवीच." मग एकदम आवाज चढवून, "त्यानंच नेल्या! त्याले फुकटात पायजे होत्या. आता माह्यावरच दुसऱ्या गिऱ्हाईकाचा आळ घेऊन राहिला. म्हनून तं फिर्याद केली मी."

दोघे एकमेकांवर आळ घेत होते आणि मला दोघांचाही भरवसा नव्हता. एक खोटे बोलून झाला होता, दुसऱ्याने अर्धे लपवले होते. मी दोघांना आळीपाळीने बसवले, तेच प्रश्न उलटसुलट विचारले. दोघेही आपापल्या म्हणण्यावर ठाम. दोन खोटारडे इतके ठाम राहिले की मला अडचण होते, कारण मग बहुधा दोघेही खरे बोलत असतात.

तेव्हा हवालदारबाई म्हणाल्या, "साहेब, एक सांगू? माझ्या सासरी महालक्ष्मीच्या लेकराचा मुखवटा फुटला होता. लेकराचा, बरं. सासूनं भाकर सोडली होती. अन् ही बाई डाळ निवडून राहिली."

"मग?"

"मंग काय? घरी महालक्ष्म्याच नाईत तं येवढी पुरनाची डाळ कोनासाठी निवडून राहिली?"

डाळ मीही पाहिली होती, पण मला ती डाळच दिसली होती.

आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. फिर्यादी बाजारात होता. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी स्टूल घेऊन बसलो, हवालदारबाई तिच्या शेजारी. मी सरळच विचारले, "बाई, तुमच्या घरातून देवी गेल्या. तुम्ही रडत कशा नाही?"

तिने हात पदराला पुसले. मग म्हणाली, "चोरी गेल्या म्हनून काहून रडू? इकल्या असत्या तं रडली असती."

तिच्याकडून पुढचे काढावे लागले नाही. नवऱ्याचे फोनवरचे बोलणे तिच्या कानावर आले होते. भांडून उपयोग नव्हता, ती म्हणाली, कारण तो तिच्यापुढे हो म्हणायचा आणि मागून करायचे ते करायचा. जावेला देऊन टाकाव्यात, तर तेही चालत नव्हते. "आमच्या घरच्या महालक्ष्म्या मांगून देत नाईत अन् इकत देत नाईत. ज्याले पायजे त्यानं चोरून न्या लागते. नेनाऱ्यानं ओटी ठेवा लागते. तवाच त्या नव्या घरी बसते. जावेले मी फोन केला. म्हनलं, मी वावरात जातो, कोठीले कुलूप लावत नाई."

ती उठली, पिठाच्या डब्यामागून एक पुडके काढून तिने माझ्यापुढे ठेवले. खण, नारळ, तांदूळ, हळदीची गाठ. कोठीत मुखवट्यांच्या जागी हे ठेवलेले होते. नवऱ्याला दिसू नये म्हणून तिने उचलून घेतले होते.

खरे सांगायचे तर माझा विश्वास बसला नाही. पकडले गेल्यावर आपल्या सोयीची रीत सांगणारे मी पुष्कळ पाहिले होते. मी फिर्यादी येईपर्यंत थांबलो आणि बायकोबद्दल चकार शब्द न काढता त्याला एवढेच विचारले, "या महालक्ष्म्या तुमच्या घरी आल्या कशा?"

तो ओशाळला. "जुनी गोष्ट हाय साहेब. आमच्या आजीनं तिच्या मावशीच्या घरून चोरून आनल्या होत्या म्हनते. आमच्यात तशीच..." आणि तिथेच तो थांबला. त्याने बायकोकडे पाहिले. मग त्या पुडक्याकडे पाहिले. त्याच्या लक्षात आले ते मला त्याच्या तोंडावर दिसले.

मला वाटले, प्रकरण मिटले. पण तो पेटला. "थो जुना जमाना होता! आता फिर्याद हाय माही. मले न विचारता माह्या घरून नेल्या. साहेब, तुमी कारवाई करा."

"तुमच्या बायकोवरही होईल," मी म्हणालो.

"होऊ द्या."

बायको डाळ भिजत घालायला उठली.

फिर्याद नोंदलेली होती. माल कुठे आहे ते कळले होते. आता जाऊन जप्त करणे एवढेच कायद्याने माझ्यापुढे उरले होते. त्यात काय होणार होते ते मला चांगले ठाऊक होते. सणाच्या दिवशी एका बाईला अटक, दुसरीवर मदत केल्याचा ठपका, दोन भावांची घरे कायमची तुटलेली. मुखवटे कोर्टाचा हुकूम येईपर्यंत मालखान्यात, लाखेचे सील मारून. आमच्या मालखान्यात तेव्हा गावठी दारूचे कॅन, चोरीचे मोटरपंप आणि एका खुनातले रक्ताचे कपडे होते.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांचे जेवण होते. त्याच दिवशी आम्ही नांदगाव खंडेश्वरला गेलो. फिर्यादीला माल ओळखायला बरोबर घेतले. त्याची बायकोही पुरणाचा डबा घेऊन गाडीत बसली, तिला कोणी नको म्हणाले नाही. 

धाकट्या भावाचे घर साधे, दोन खोल्यांचे. अंगणभर झेंडूच्या पाकळ्या. आत महालक्ष्म्या बसलेल्या. हिरव्या आणि लाल साड्या, वर फुलोरा टांगलेला, पुढे धान्याच्या राशी. धाकटा भाऊ पोलीस पाहून भिंतीला टेकला. त्याची बायको डोक्यावर पदर ओढून चुलीजवळ उभी राहिली. पंच म्हणून शेजारच्या दोघांना बोलावले होते. ते दारातच थांबले आणि आत यायला तयार होईनात. मी बूट काढले. का काढले ते त्या वेळी मी मनाशी विचारले नाही.

आत जाण्याआधी मी फिर्यादीला सगळे समजावून सांगितले. "तुम्ही ओळखलेत की मी जप्त करणार. कोथळ्यांवरून मुखवटे काढणार, कागदात गुंडाळून सील करणार. कोर्टातून सुपूर्दनाम्यावर मिळेपर्यंत मालखान्यात राहतील."

"कवापर्यंत?"

"ते कोर्ट ठरवेल."

"थे... दारूचे कॅन हाय तिथंच?"

"तिथेच."

तो आत गेला. महालक्ष्म्यांपुढे उभा राहिला. मीही जवळून पाहिले. दोघींची नाके घासून गुळगुळीत झाली होती. चिंच आणि राख लावून दर भाद्रपदात कोणीतरी ते चेहरे उजळले होते, आणि घासताना बोट पहिल्यांदा जाते ते नाकावर. संग्राहकाने हीच झीज उणेपणा म्हणून सांगितली होती.

"याच का?" मी विचारले.

"याच," तो म्हणाला.

 हवालदारबाईंनी माझ्याकडे पाहिले नाही, त्या जमिनीकडे पाहत होत्या. मी कागद काढला. मनातून मला तो कागद फाडून टाकावासा वाटत होता, हे इथे लिहितो. तेव्हा मी तसे काही दाखवले नाही.

तेवढ्यात धाकट्या भावाच्या बायकोने चुलीजवळून एक पाट आणून महालक्ष्म्यांपुढे मांडला. त्यापुढे केळीचे पान. सासरच्या मोठ्या दिराशी ती थेट बोलत नसे, म्हणून जावेकडे तोंड करून म्हणाली, "जाऊबाई, दादाइले म्हना, पान वाढलं. जेवून घ्या, मंग घेऊन जा म्हना."

तो एक पाऊल मागे सरला. मला काहीच कळले नाही. त्याच्या बायकोने मात्र आवाज न चढवता सांगितले, "पाहून बसा. चोरलेल्या महालक्ष्म्यांचं जेवन जेवले का मंग परत मांगता येत नाई. तुमाले ठाव हाय."

त्याला ठाऊक होते. लहानपणापासून ठाऊक असलेली गोष्ट माणूस अशा वेळी ओळखतो, ती त्याच्या मानेवर दिसते. तो दारापर्यंत गेला. मला वाटले, निघाला. त्याने उंबऱ्यावर चपला काढल्या, जे येताना रागाच्या भरात राहून गेले होते, आणि परत येऊन पाटावर बसला.

धाकटीने आंबील वाढली, मग सोळा भाज्यांची भाजी. त्याने पहिला घोट घेतला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते आणि ते लपवायला त्याने मान खाली घातली होती.

"आंबीलीत मीठ कमी हाय," तो म्हणाला.

"पुढच्या साली तुमीच करजा," त्याची बायको म्हणाली आणि तीही त्याच्या शेजारी बसली.

तिथेच त्याने मला जबाब दिला. मुखवटे घरच्या रितीप्रमाणे धाकट्या भावाकडे गेले आहेत, फिर्याद गैरसमजातून झाली. गुन्हा गैरसमजातून नोंदला गेला म्हणून बंद करावा, असा सी समरीचा प्रस्ताव मी पाठवला. वरिष्ठांनी एकदा बोलावून विचारले, यात खरे काय. मी घडले तसे सांगितले. ते वऱ्हाडचेच होते, हसले आणि सही केली. संग्राहकावर गुन्हा नव्हता. त्याला मी फक्त एवढेच सांगितले की पोलिसांशी पुन्हा खोटे बोलू नका. त्याचा राग अजून गेला नसावा.

पोलिसाला शिकवतात की वस्तू सापडली की तिचा मालक शोधा. मीही नोकरीभर तेच केले. पण या प्रकरणानंतर कोणाच्या घरातून जुने, पूजेतले काही गेले की मी पहिला प्रश्न बदलला. किंमत किती, किती जुने, फोटो आहे का, हे नंतर. आधी मी विचारायचो, "तुम्ही त्याला शेवटचा हात कधी लावला होता?" पुरुष बहुधा गोंधळायचे. बायकांचे उत्तर लगेच यायचे.

त्या फिर्यादीला मी पहिल्याच दिवशी हे विचारले असते, तर बराच त्रास वाचला असता. त्याने खरे उत्तर दिले असते, तर सांगितले असते की साहेब, त्या मी कधी घासल्याच नाहीत.